चांदीचा मुलामा असलेली आधुनिक भांडी: पारखायची कशी, जपायची कशी

हळदीकुंकवाचा करंडा, निरांजन, आरतीचं तबक... घरोघरी ‘जर्मन सिल्व्हर’ची भांडी असतात आणि त्यांत चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. याच धातूवर किंवा पितळेवर विजेच्या साह्याने खऱ्या चांदीचा पातळ थर चढवला, की तयार होतात ती मुलाम्याची भांडी. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या ख्रिस्तोफ्लने फ्रान्सपुरते हक्क मिळवले. पुढची पन्नास-साठ वर्षे हे कारखाने मुख्यतः वेलबुट्टी, द्राक्षांचे घोस आणि सिंहाचे पंजे काढत राहिले. विसाव्या शतकात काही कलाकारांनी ती सगळी नक्षी पुसून टाकली. उरला तो गोल, शंकू, दंडगोल आणि एक सलग वळण. आपला विषय हा दुसऱ्या प्रकारचा माल आहे.

नक्षी नसण्याचा परिणाम गोळा करणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवतो. नक्षीदार भांड्यावर पोचा, चरा, झिजलेला मुलामा, जुना डाख हे सगळे फुलापानांत लपून जाते. साध्या, आरशासारख्या पृष्ठभागाला लपायला जागाच नसते. म्हणून या छंदात सगळ्यात आधी शिकायचे ते पृष्ठभाग वाचायला. कोणाचे डिझाइन, कोणते साल हे हळूहळू येते. चांदी कुठे आहे आणि कुठून गेली आहे, हे मात्र पैसे देण्याआधीच दिसले पाहिजे.

आधी थोडे गणित

जर्मनीतील गाइसलिंगन गावच्या डब्ल्यूएमएफ कंपनीच्या चमच्यांवर ‘९०’ हा आकडा आढळतो. नवखा माणूस तो शुद्धतेचा, म्हणजे नव्वद टक्के चांदी असल्याचा समजतो. त्याचा खरा अर्थ असा: २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर एकूण ९० ग्रॅम चांदी. साधारण १२ मोठे चमचे आणि १२ काटे मिळून एवढा पृष्ठभाग होतो. म्हणजे एका नगावर ३.७५ ग्रॅम. ‘९०-४५’ असे दोन आकडे असतील, तर दुसरा आकडा त्या प्रकारच्या डझनभर नगांवरची चांदी सांगतो. म्हणून छोट्या चमच्यांवर तो लहान असतो.

चांदीची घनता १०.५ धरून भागाकार केला, तर या थराची जाडी सुमारे ३६ मायक्रॉन येते. म्हणजे मिलिमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाएवढी. ही चांगल्या, जाड मुलाम्याची गोष्ट झाली. हलक्या मालावर थर याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. चांदीच्या आजच्या भावाशी या भांड्यांच्या किमतीचा संबंध जवळजवळ नाही, त्यामुळे ‘वजनावर’ किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची: प्रत्येक वेळी पॉलिश करताना या ३६ मायक्रॉनांतलेच थोडे फडक्यावर येते. ते परत येत नाही.

कोपरा निवडा

सुरुवातीला ‘जे आवडेल ते’ घेत गेलात, तर वर्षभरात एकमेकांशी नाते नसलेली वीस भांडी कपाटात साठतात. एक देश, एक कारखाना किंवा एकच वस्तू धरा. काही वाटा अशा आहेत:

ब्रिटन. ख्रिस्तोफर ड्रेसरने १८७९ च्या सुमारास हुकिन अँड हीथ आणि जेम्स डिक्सन या कंपन्यांसाठी काढलेल्या चहादाण्या आणि टोस्ट-रॅक बघितले, की ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत यावर विश्वास बसत नाही. ते आता फार महाग आहेत. नवख्यासाठी योग्य वाट म्हणजे डेव्हिड मेलरचा ‘प्राइड’ संच. १९५३ मध्ये विद्यार्थिदशेत केलेले हे डिझाइन शेफील्डच्या वॉकर अँड हॉलने उत्पादनात आणले आणि १९५७ मध्ये त्याला ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलचा पुरस्कार मिळाला. जुने नग सुटे मिळतात आणि आकार इतका ठाम आहे, की एकदा हातात घेतला की पुन्हा ओळखायला चुकत नाही.

फ्रान्स. ख्रिस्तोफ्लसाठी १९२० च्या दशकाच्या शेवटी इटालियन वास्तुकार जिओ पोंतीने, १९३० च्या दशकात ल्यूक लानेलने काम केले. १९३५ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘नॉर्मंडी’ या जहाजावरची भांडी लानेलची. डॅनिश कलाकार फ्येर्डिंगस्टाडचे हंसाच्या आकाराचे सॉसपात्रही याच कंपनीचे. १९५० च्या दशकात लिनो साबातिनीने ‘कोमो’ नावाचा चहा-कॉफीचा संच केला. त्याची लांबट, पुढे झुकलेली तोटी बघून भांडे चालायला निघाले आहे असे वाटते. आमच्या मते मुलाम्याच्या भांड्यांत याहून सुंदर काही झालेले नाही.

जर्मनी-ऑस्ट्रिया. व्हिएन्नात १९०३ मध्ये स्थापन झालेल्या व्हीनर वेर्कस्टेट या कलाकार-कारागिरांच्या संस्थेसाठी योसेफ हॉफमनने चपट्या, सरळ दांड्यांचे काटे-चमचे केले, चांदीतही आणि मुलाम्यातही. बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या मारियान ब्रांटची १९२४ ची अर्धगोल, जेमतेम ७ सेंटीमीटर उंचीची चहादाणी संग्रहालयातच बघायची. डब्ल्यूएमएफचे १९२५ ते १९६० दरम्यानचे साधे संच मात्र परवडतात आणि विपुल मिळतात. शिकण्यासाठी हाच माल सर्वांत चांगला.

अमेरिका. इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीच्या विलकॉक्स विभागासाठी एलिएल सारिनेनने १९३४ मध्ये केलेली गोल चहाची टाकी प्रसिद्ध आहे. त्याच कारखान्याचे निनावी, पण नेटके ट्रे आणि कॉकटेल-शेकर नवख्याच्या आवाक्यातले.

मराठी वाचकाला जवळचा दुवा इंदूरचा. यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउसने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण आधुनिक घर उभे केले आणि जेवणाच्या टेबलासाठी पॅरिसच्या जाँ प्युईफोर्काकडून चांदीची भांडी आली. ती अस्सल चांदीची. मुलाम्याच्या मालात त्याच भाषेचे स्वस्त रूप शोधायचे असते. मुंबईच्या चोरबाजारात मिळणारा बहुतेक ‘ईपीएनएस’ (मुलाम्याचाच एक छाप, अर्थ पुढे येतो) माल जुन्या क्लब-हॉटेलांच्या धाटणीचा, नक्षीच्या काठाचा असतो. आधुनिक नग अधूनमधूनच दिसतो, पण दिसला तर विक्रेत्याला त्याचे महत्त्व बहुधा ठाऊक नसते. त्याच्या लेखी नक्षी नाही म्हणजे माल हलका.

छाप वाचणे

दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. सराफ वापरतात तेच.

‘ईपीएनएस’ म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेली चांदी. ‘ईपीबीएम’ असेल तर खालचा धातू ब्रिटानिया, म्हणजे मुख्यतः कथील. तो मऊ असतो, पटकन वाकतो आणि कमी तापमानाला वितळतो. डाख लावायला गेलेल्या कारागिराच्या हातून भोक पडते ते याच धातूला. सुरुवातीला तो टाळा. ‘अल्पाका’, ‘निकेल सिल्व्हर’ एवढेच लिहिले असेल, तर तो फक्त खालचा धातू. वर मुलामा आहे की नाही, हे तुम्हीच बघायचे.

इंग्रजी माल बनवणारे ही अक्षरे वेगवेगळ्या छोट्या ढालींत ठोकत, त्यामुळे लांबून ती अस्सल चांदीच्या छापांसारखी दिसतात. अस्सल इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह असतो. तो नसेल तर ढाली कितीही असोत, बहुतेक वेळा मुलामाच. दर्जा सांगणाऱ्या ‘ए-वन’ या अक्षरांना सर्वमान्य प्रमाण नव्हते, प्रत्येक कारखाना आपापल्या हिशोबाने ती लावी. अमेरिकन चमच्यावर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ असेल तर ते छापाचे नाव आहे, बनवल्याचे वर्ष नाही. १९३० च्या दशकातल्या चमच्यावरही तेच १८४७ सापडेल.

फ्रान्समध्ये अस्सल चांदीवर बनवणाऱ्याचा छाप शंकरपाळ्यासारख्या चौकटीत असतो आणि मुलाम्याच्या मालावर चौरसात. ख्रिस्तोफ्लच्या १९३५ नंतरच्या चौरसात बुद्धिबळातला घोडा दिसतो. ‘गॅलिया’ असे लिहिले असेल तर तीही ख्रिस्तोफ्लचीच मालिका, आणि तिच्यात आधुनिक आकार पुष्कळ आहेत. वॉकर अँड हॉलचा छाप झेंड्याच्या आकाराचा. ‘प्राइड’ आजही बनतो, त्यामुळे जुना नग हवा असेल तर हा झेंडा बघितल्याशिवाय घेऊ नका.

हातात घेऊन तपासणी

इथे घाई नको. एका चहादाणीला दहा मिनिटे द्या.

१. खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर भांडे ठेवा. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली पितळ आणि चांदी यांतला फरक बुडून जातो. मुलामा गेलेली जागा पितळेवर फिकट पिवळी, तांब्यावर लालसर आणि जर्मन सिल्व्हरवर किंचित पिवळट करडी दिसते. जर्मन सिल्व्हरवरची झीज सर्वांत फसवी, कारण रंग जवळचा असतो.

२. झीज ठरावीक जागी होते, तिथेच बघा. चमच्याची पाठ, जिथे तो टेबलावर टेकतो. काट्याची टोके. ट्रेचा काठ आणि पाय. किटलीच्या झाकणाची घुंडी, कडीच्या शेजारचा भाग, जिथे अंगठा लागतो. चमच्याच्या पाठीवर मुगाच्या दाण्याएवढा डाग असेल तर वापरायला हरकत नाही. पण किंमत त्याच मानाने उतरली पाहिजे.

३. टॉर्च जवळजवळ आडवा धरा. सपाट दिसणाऱ्या पत्र्यावर लाटा, बुजवलेले पोचे लगेच उठतात. मग पृष्ठभागावर तोंडाने वाफ सोडा. वाफ विरताना डाखाची रेघ आणि खोडून काढलेली नावाची अक्षरे क्षणभर स्पष्ट दिसतात. खोडलेल्या जागी चांदी उरलेली नसते किंवा नंतर पुन्हा चढवलेली असते.

४. झाकण उघडमीट करा. बिजागरी ढिली असेल तर दुरुस्त होते, पण झाकण तोटीच्या बाजूला तिरके बसत असेल तर भांडे कधीतरी पडले आहे. साध्या भूमितीच्या भांड्यात दीड-दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही डोळ्यांत खुपतो आणि तो काढणारा कारागीर मिळणे कठीण.

५. कडीची मूठ बघा. आबनूस लाकूड, बेकेलाइट, वेत यांपैकी काय आहे? बेकेलाइटला केसासारखी भेग असेल तर ती गरम पाण्याने वाढत जाते. जुन्या किटल्यांत मूठ आणि अंग यांच्यामध्ये उष्णता अडवणाऱ्या पांढऱ्या चकत्या असतात. त्या हस्तिदंताच्या असू शकतात. हस्तिदंताच्या व्यापाराला भारतात बंदी आहे आणि असा नग सीमेपलीकडून मागवणेही अडचणीचे, म्हणून सोडून द्या.

६. विक्रेत्याची हरकत नसेल तर पाणी भरून दहा मिनिटे कागदावर ठेवा. तोटीच्या बुंध्याशी ओल आली तर सांधा सुटला आहे. करडा, दाणेदार डाख दिसला तर कोणीतरी शिसे-कथलाने घरगुती दुरुस्ती केली आहे.

अस्सल चांदी की मुलामा असा प्रश्न पडला, तर कसोटीच्या दगडावर घासू नका आणि आम्लाचा थेंब टाकू नका. वरचा थर चांदीचाच असल्याने उत्तर चुकीचे येईल आणि ओरखडा कायमचा राहील. घरी ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर असे करा: चमचा कोरडा तोला. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. चमचा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला-काठाला लागू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे चमच्याचे आकारमान. ७० ग्रॅमच्या चमच्यासाठी तो ८ च्या आसपास आला तर भागाकार ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर. ६.८ च्या आसपास आला तर भागाकार १०.३, म्हणजे अस्सल चांदी. चमच्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर बिघडते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. सुरीच्या मुठीला ही परीक्षा चालत नाही, ती आतून पोकळ किंवा डिंकासारख्या पदार्थाने भरलेली असते.

खरेदी

पहिली खरेदी म्हणून डब्ल्यूएमएफ ‘९०’ चे सहा चमचे किंवा एक साधा ट्रे घ्या. किटली तिसऱ्या-चौथ्या खरेदीला. तोटी, बिजागरी, मूठ, सांधे इतक्या जागी चूक होऊ शकते, की आधी डोळा तयार झालेला बरा.

ऑनलाइन घेताना सहा फोटो मागा: छाप, चमच्याची पाठ किंवा भांड्याचा तळ, आतला भाग, बिजागरी, तोटीचा बुंधा आणि अगदी सरळ बाजूने काढलेले पूर्ण भांडे. शेवटचा फोटो वाकडेपणा दाखवतो. काळवंडलेले भांडे बघून घाबरू नका. काळेपणा म्हणजे चांदी आहे, आणि पॉलिश न केलेला नग हाच बहुधा चांगला नग. काळजी करायची ती फार चकचकीत नगाची. छाप पुसट, कडा गोलसर आणि रंग निळसर पांढरा असेल तर तो अलीकडे घासून पुन्हा मुलामा दिलेला असतो.

संच जुळवताना एकाच डिझाइनचे वेगवेगळ्या दशकांतले नग एकत्र येतात. त्यांची लांबी आणि वजन थोडे वेगळे निघते. प्रत्येक नग मोजून वहीत लिहा: तारीख, किंमत, छाप, लांबी, वजन, दोष. भारताबाहेर राहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: शंभर वर्षांहून जुनी वस्तू इथून बाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत, आणि या विषयातला सर्वांत आधीचा माल आता त्या वयाचा झाला आहे.

धुणे आणि पॉलिश

आपल्याकडे देवाची चांदी रांगोळीने, दंतमंजनाने, राखेने घासायची पद्धत आहे. भरीव चांदीच्या समईला ते दोन पिढ्या सहन होते. ३६ मायक्रॉनांना होत नाही. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, आरशासारख्या पृष्ठभागावर तिचे चरे कायमचे दिसतात. लिंबू-मीठ, चिंच, कोकम हेही नको. मुलामा गेलेल्या जागी ते खालच्या धातूला खातात, आणि मीठ तर चांदीवरही काळे खळगे पाडते.

कोमट पाणी, भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे काही थेंब, मऊ सुती फडके. लगेच कोरडे करा. रोज वापरलेला चमचा एवढ्यानेच स्वच्छ राहतो, कारण वापर आणि धुणे यांमुळे काळेपणा साठत नाही. सुऱ्या पाण्यात बुडवून ठेवू नका. पाते मुठीत डिंकासारख्या पदार्थाने बसवलेले असते, तो गरम पाण्याने सैल होतो. डिशवॉशर तर नकोच.

काळेपणा चढला, तर अगदी बारीक अवक्षेपित खडूची (‘प्रेसिपिटेटेड चॉक’) पूड ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात कालवून पातळ लेप करा. कापसाने एकाच दिशेने, लांबीच्या रेषेत हलकेच फिरवा. गोल गोल घासले तर साध्या पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उठतात. मूळ पृष्ठभाग रेशमी, मंद असेल तर त्याला चकाकी आणू नका. ती मंद झळाळी डिझाइनचाच भाग असते.

ॲल्युमिनियमचा कागद आणि खायचा सोडा यांची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती काळेपणा काढते हे खरे. पण चांदी निर्जीव, दुधी दिसू लागते आणि ते पाणी पोकळ मुठीत, बिजागरीत शिरून राहते. बुडवून काढायच्या आम्लयुक्त द्रवाचेही तेच.

पॉलिशचा काहीच परिणाम होत नसेल आणि पिवळट चट्टे दिसत असतील, तर वर जुने लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगणाचा थर, असू शकते. ते ॲसिटोनने निघते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ आग नको आणि सेल्युलॉइडच्या मुठीला थेंबही लागू देऊ नका. ‘प्राइड’च्या जुन्या सुऱ्यांच्या पांढऱ्या मुठी सेल्युलॉइडच्याच आहेत. ॲसिटोनने त्या विरघळतात.

खाण्यासाठी वापर

आतून मुलामा शाबूत असेल तर खुशाल वापरा, ही भांडी त्यासाठीच केली आहेत. आत पितळ उघडे पडले असेल तर आंबट काही ठेवू नका. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक कळकते, तेच इथे होते. शिसे-कथलाचा डाख आत दिसत असेल तर ते भांडे फक्त शोभेचे. अंडे, मोहरी आणि कांदा यांतल्या गंधकाने चांदी काही मिनिटांत काळी पडते, म्हणून असे पदार्थ वाढले असतील तर जेवण झाल्याबरोबर धुवा.

ठेवणे

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हाच मुख्य शत्रू. प्रत्येक नग अनेकदा धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा (जुने धोतर उत्तम) आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. पुडी दर पावसाळ्यात बदला किंवा तापवून कोरडी करा. लोकर, रबरबँड आणि वर्तमानपत्र लांब ठेवा. रबरातल्या गंधकाची काळी रेघ मुलाम्यात इतकी खोल जाते, की पॉलिशने ती काढताना चांदीच संपते. चमचे एकावर एक रचताना प्रत्येकामध्ये कापडाची घडी हवी.

पुन्हा मुलामा द्यावा का?

नामवंत डिझाइनच्या, छाप स्पष्ट असलेल्या नगाला देऊ नका. मुलाम्याआधी भांडे बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, घासले जाते आणि त्यात कडांची धार जाते. नक्षी नसलेल्या भांड्यात त्या कडा हेच सगळे काम असते. रोज वापरायच्या चमच्यांना मात्र द्यायला हरकत नाही. कारागिराला जाडी मायक्रॉनमध्ये विचारा. दागिन्यांना दिला जाणारा एखाद-दोन मायक्रॉनचा झटपट मुलामा चमच्यावर काही महिनेही टिकत नाही, त्याला निदान २० मायक्रॉन हवेत. मुठी आणि घुंड्या आधी सोडवून घ्या, पृष्ठभाग मंद हवा की चकचकीत ते लिहून द्या, आणि सहांपैकी एकच चमचा आधी करून बघा.